वाचकांचे प्रश्न : सासूबाईंच्या मोज्यांचा काठ

प्रश्न : माझ्या सासूबाई ७४ वर्षांच्या असून त्यांना बरीच वर्षे मधुमेह आहे. घरातली सारवलेली जमीन जाऊन लादी आल्यापासून त्या दिवसभर पायमोजे घालतात. संध्याकाळपर्यंत पाय सुजतात आणि मोज्याच्या काठाचे वळ उमटतात. सैल काठाचे मोजे आणले, तर ते घोट्यापाशी गोळा होतात आणि त्यात पाय अडकून त्या पडतील अशी भीती वाटते. मी घरी शिवणकाम करते. काठ हवा तसा सैल-घट्ट करता यावा म्हणून नेफा करून नाडी ओवावी, की वेल्क्रो लावावे?
— एक वाचक, गुहागर

उत्तर : शिवणयंत्राकडे वळण्यापूर्वी सुजेविषयी सांगणे आवश्यक आहे. दिवसभर पाय खाली सोडून बसल्याने संध्याकाळी थोडी सूज येणे वृद्धांमध्ये नेहमीचे असले, तरी तिच्यामागे हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा विकार, अथवा रक्तदाबावरचे एखादे औषधही असू शकते. म्हणून ती डॉक्टरांना एकदा दाखवावी, आणि एकच पाय अचानक सुजून दुखू लागला, तर त्याच दिवशी दाखवावी. औषधांच्या दुकानात मिळणारे, पायावर मुद्दाम दाब देणारे लांब मोजे हा निराळा प्रकार आहे. पायाकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्या असतील तर ते अपाय करतात, त्यामुळे ते सल्ल्याशिवाय घालू नयेत.

आता काठाविषयी. वळ उमटतो तो इलॅस्टिकच्या ताणामुळे हे खरे, पण तो ताण किती रुंदीवर पसरला आहे, यावर बरेच अवलंबून असते. १ सेंटिमीटर रुंदीच्या पट्टीतला ताण तेवढाच ठेवून तो ४ सेंटिमीटरवर पसरवला, तर त्वचेवरचा दाब चौथाईवर येतो. मोजा खाली का घसरतो, याचेही कारण समजून घ्यावे. पाय पोटरीपासून घोट्याकडे निमुळता होत जातो आणि आखूड मोज्याचा काठ नेमका त्या उतारावर बसतो. अरुंद काठाला तेथे टिकायचे तर आवळण्यावाचून मार्ग नसतो, रुंद काठ मात्र हलक्या हाताने धरूनही राहतो. म्हणून मोजे निवडताना ज्यांच्या वरच्या बाजूला सुलट-उलट विणीच्या उभ्या रेघा किमान ८ सेंटिमीटर लांब आहेत, टाच जागच्या जागी बसते आणि बोटांवरची शिवण हाताला लागत नाही, असेच घ्यावेत. चवड्याला मोठा झालेला मोजा काठाच्या कोणत्याही युक्तीने सुधारत नाही, त्याच्या चुण्या तळव्याखाली येतात.

नाडीचा विचार सोडून द्यावा, असे मला वाटते. नाडी कितीही सैल बांधली, तरी सगळा ताण एका दोरीवर येतो; शिवाय आयुष्यभर गाठ घट्ट मारण्याची सवय झालेल्या हातांना ती सैल ठेवा, असे सांगून फारसा उपयोग होत नाही. वेल्क्रोची कल्पना स्वित्झर्लंडच्या जॉर्ज द मेस्त्राल यांना १९४१ मध्ये कुत्र्याच्या अंगाला चिकटलेल्या काटेरी बोंडांवरून सुचली. आपल्याकडे आघाडा धोतराला चिकटतो तसाच तो प्रकार, आणि अडचणही तीच आहे. त्याचे आकडे मोज्याची वीण उसवतात, दोन-चार धुण्यांत कापसाने भरून जातात, आणि पट्टीचा कडक कोपरा त्वचेला घासतो. मधुमेहाने पायाची संवेदना कमी झाली असेल, तर तो घासलेला कळतही नाही.

माझ्या मते कळी घालावी. सकाळी अंथरुणातून उठण्यापूर्वी आणि पुन्हा संध्याकाळी, काठ जेथे बसतो तेथे पायाचा घेर टेपने मोजा. समजा, तो २३ आणि २५.५ सेंटिमीटर भरला, तर अडीच सेंटिमीटरचा फरक सामावून थोडी मोकळीक राहील, अशी वर ४ सेंटिमीटर रुंद आणि ८ सेंटिमीटर उंच त्रिकोणी कळी बनियनच्या होजिअरी कापडातून कापावी. काठ पायाच्या बाहेरच्या अंगाला उभा कापून ती तेथे जोडावी. नडगीवर ती हाडाला लागेल आणि मागे घेतली तर पाय गादीवर टेकताना बोचेल. शिवण झिगझॅग टाक्याने घालावी, कारण सरळ टाका काठ ताणताच तुटतो, आणि तिचा जाडसरपणा बाहेरच्या बाजूला ठेवावा. मग कळीच्या एका कडेला चपटे बटण आणि दुसरीकडे, शाळकरी मुलांच्या चड्डीला असते तसल्या काजांच्या इलॅस्टिकचा तुकडा लावावा. हे इलॅस्टिक केवळ कळीपुरते असावे, पायाभोवती फिरवू नये. सकाळी जवळच्या काजात बटण, दुपारनंतर पुढच्या काजात, आणि सूज जास्त असेल त्या दिवशी बटण मोकळेच ठेवावे. रुंद वीण मोजा तोलून धरते. रात्री मोजे काढल्यावर तळवे व बोटांच्या बेचक्या उजेडात पाहाव्यात.

आपल्या हवेत आणखी दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. पायांना खोबरेल चोळून लगेच मोजे चढवले, की रबराचा धागा फुगून लुळा पडतो. १९५८ मध्ये ड्युपाँट कंपनीत जोसेफ शिव्हर्स यांनी तयार केलेला स्पॅन्डेक्स, ज्याला दुकानदार लायक्रा म्हणतात, तेलाला अधिक टिकतो, पण क्लोरीनयुक्त ब्लीच आणि उष्णता त्यालाही मानवत नाही. म्हणून आषाढात वलणीवर मोजे चार दिवस ओले राहतात हे मान्य करूनही ते गॅसच्या शेगडीवर धरून सुकवू नयेत. पंख्याखाली वाळवावेत आणि पावसाळ्यापुरते दोन जोड जास्त ठेवावेत, कारण दमट मोज्यात चिखल्या होतात आणि मधुमेह्याच्या पायाला पडलेली साधी भेगही बरी व्हायला वेळ घेते.

प्रश्न : मी सुती धाग्याचे मोजे वरून खाली विणते. काठ दोन सुलट, दोन उलट असा विणूनही अगदी वरची कड पायाला आवळते. टाके वाढवले की मोजा ढगळ होतो. काय चुकते?
— एक वाचक, वेंगुर्ले

उत्तर : विणीत काही चुकत नसावे; पहिली ओळ घट्ट पडत असावी. सुईवर घातलेले सुरुवातीचे टाके पुढच्या विणीइतके ताणले जात नाहीत, त्यामुळे खालचा सगळा काठ लवचीक असूनही वरची कड दोरीसारखी बसते. टाके तेवढेच ठेवा, मात्र ते दोन क्रमांक जाड सुईवर घाला आणि पहिली ओळ झाल्यावर नेहमीच्या सुया घ्या. पुढे जाण्यापूर्वी कड दोन्ही हातांनी ताणून पाहा; ती टाचेवरून सहज सरकेल इतकी उघडली पाहिजे, नाहीतर त्याच वेळी उसवणे सोपे. सुती धाग्याला लोकरीसारखी स्वतःची ओढ नसते, म्हणून काठापुरता बारीक लायक्राचा धागा सोबत विणलात तर ढगळपणाही कमी होईल, पण तो विणताना ताणून धरू नका.