मुदत संपलेलं डोमेन घेताना

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचा व्यापारी हळकुंड मोडून आतला रंग बघतो, मगच बोली लावतो. तूही जुनं डोमेन, म्हणजे वेबसाइटचं नाव, असंच मोडून बघ. वेबसाइटांची जुनी पानं साठवणाऱ्या वेबॅक मशीनवर नाव टाक आणि मागची सगळी वर्षं चाळ. मी पहिलं नाव लिलावात घाईनं घेतलं. नंतर पाहिलं तर मधली दोन वर्षं तिथं जुगाराची पानं होती. पैसे गेले ते गेलेच.

मुदत संपली म्हणजे नाव लगेच मोकळं होत नाही. डॉट कॉमला आधी मूळ मालकाला मुदत वाढवायला ४५ दिवसांपर्यंत सवलत, मग ३० दिवस रिडेम्प्शन म्हणजे सोडवणुकीची मुदत, त्यात मूळ मालक जादा पैसे भरून ते परत घेऊ शकतो. शेवटी ५ दिवस पेंडिंग डिलीट, म्हणजे नाव पुसलं जायची वाट. चांगली नावं बहुतेकदा त्याआधीच लिलावात जातात, म्हणून बॅकऑर्डर, म्हणजे नाव सुटताच ते मिळवायची आगाऊ मागणी, लावून ठेव.

आणि त्या नावाकडे येणाऱ्या दुसऱ्या साइटांवरच्या जुन्या लिंकांच्या जोरावरच गूगलच्या शोधात वर यायचं डोक्यातून काढ. शाळेचं जुनं डोमेन घेऊन त्यावर कर्जाच्या जाहिराती चढवणं हे गूगलनं मार्च २०२४ पासून स्पॅमच ठरवलंय. नाव तुझ्या धंद्याशी जुळत असेल तरच घे.

एक्सटेन्शनचं, म्हणजे नावाच्या शेपटाचं म्हणशील तर डॉट कॉम असो की डॉट शॉप, गूगल रँकिंगमध्ये फरक करत नाही. डॉट इन मात्र भारताची खूण मानली जाते. तुझं गिऱ्हाईक मिरज-तासगावचंच, तेव्हा डॉट इन बिनधास्त घे. दुबईला बेदाणा पाठवायचा असेल तर डॉट कॉम बघ.