बिघडलेले यंत्र घाईने पुसून ठेवू नका
इन्फ्युजन पंपाने, म्हणजे नळीतून ठरावीक वेगाने रुग्णाच्या शरीरात औषध सोडणाऱ्या यंत्राने, औषध ठरल्यापेक्षा वेगाने सोडल्याचे दिसले, तर आधी रुग्णाला सुरक्षित करा. मात्र त्यानंतर घाईने पंप पुसून किंवा सेटिंग बदलून तो दुसऱ्या रुग्णाला लावू नका, कारण बिघाडाचा पुरावा त्या यंत्रात, नळीत आणि आपण सहज फेकून देतो त्या वेष्टनावरील लॉट क्रमांकात, म्हणजे एकत्र बनलेल्या मालाच्या गटाच्या क्रमांकात, असतो. पंपावर ‘वापरू नये’ अशी चिठ्ठी लावा, अनुक्रमांक टिपा आणि त्याच पाळीत लेखी कळवा. चूक यंत्राची की हाताळणीची, हे ठरवणे आपले काम नव्हे. इजा थोडक्यात टळली तरीही नोंद करायची असते, हे सुरुवातीची काही वर्षे मलाही ठाऊक नव्हते. नोंदीचा अर्ज कोणाकडे द्यायचा, हे नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात विचारून ठेवा.