कापराने ऑक्सिजन वाढत नाही (आमचे साडूभाऊ काहीही म्हणोत)

‘जूनमध्ये विमानाने लेहला चाललोय. तिथल्या हवेत ऑक्सिजन किती टक्के असतो आणि कापूर हुंगल्याने तो वाढतो का?’ असं तुम्ही विचारलंय.

टक्के तेवढेच. दादरला 21, लेहला 21, त्याच्या वरच्या खारदुंग ला खिंडीतही 21. नायट्रोजनही सगळीकडे 78. आणि कापराने काहीही वाढत नाही. उत्तर खरं तर इथेच संपलं, पण या विषयावरून आमच्या घरात 2022 पासून धुमसतंय, तेव्हा ऐकाच.

आमचे साडूभाऊ इंजिनीयर. त्यांचं म्हणणं, ऑक्सिजन नायट्रोजनपेक्षा जड, म्हणून तो खाली बसतो आणि डोंगरावर नुसता नायट्रोजन उरतो. जड आहे हे खरं, रेणूभार 32 आणि 28. पण हवा म्हणजे रात्रभर ठेवलेलं ताक नव्हे, निवळ वर अन् घट्ट तळाला. वारा ती सतत घुसळत असतो. साधारण शंभर किलोमीटर उंचीपर्यंत हे प्रमाण जवळपास तसंच राहतं. साडूभाऊंचं खरं असतं तर पलंगावरच्यापेक्षा सतरंजीवरच्या पाहुण्याला जास्त प्राणवायू मिळाला असता.

कमी होतो तो दाब. लेहला तो समुद्रकाठच्या 65 टक्क्यांच्या आसपास, खारदुंग लावर (5359 मीटर) जेमतेम निम्मा. एका श्वासात सगळंच कमी येतं. नायट्रोजनवाचून आपलं अडत नाही, तो जातो तसा परत येतो. ऑक्सिजनवाचून अडतं. ‘लेहला 13 टक्के ऑक्सिजन’ म्हणतात ते 21 चे 65 टक्के काढून.

तर, सहल साडूभाऊंनी आखलेली. सकाळी लेहला उतरलो आणि दुसऱ्याच दिवशी खारदुंग ला! मी म्हटलं, दोन दिवस पडून राहू. ‘झोपायला एवढे पैसे भरलेत का?’ प्रत्येकाच्या गळ्यात सासूबाईंनी शिवलेली कापराची पुरचुंडी. वर पोचेपर्यंत मेव्हणीचं डोकं ठणकायला लागलं, मग उलट्या. ऑक्सिमीटरवर रक्तातला ऑक्सिजन 71 टक्के. साडूभाऊ तिच्या नाकाशी पुरचुंडी धरून ‘खोल घे, खोल घे’. मीच ड्रायव्हरला गाडी वळवायला सांगितली. लेहला येईस्तोवर 84, दवाखान्यात ऑक्सिजन लावल्यावर 90 च्या वर. साडूभाऊंच्या मते हे श्रेय कापराचं. कापराने नाकात गार वाटतं, नाक मोकळं झाल्याचा भास होतो, बस्स.

तुम्ही पहिले दोन दिवस लेहमध्ये लोळा. डोकं दुखत असेल तर आणखी वर चढू नका, वाढलं तर सरळ खाली उतरा. कार्यक्रम कोणीही आखलेला असो. डायमॉक्स, म्हणजे उंचीचा त्रास टाळायची गोळी, डॉक्टरांना विचारूनच, सल्फाची ॲलर्जी असेल तर आधी सांगा. खोल श्वासाने थोडा फरक पडतो हे मान्य, पण तो कापराशिवायही घेता येतो. आणि लहान मुलं बरोबर असतील तर कापूर नेऊच नका. पोटात गेला तर झटके येतात.

राहता राहिला पुरावा. वेफर्सच्या पुड्यात नायट्रोजनच भरतात. वर खिंडीत आमचा पुडा चेंडूसारखा टम्म फुगला होता, बाहेर दाब कमी म्हणून. लेहला परतल्यावर सैल पडला. मी तो साडूभाऊंसमोर धरून सगळं समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकलं, पुडा फोडला आणि खाल्ला.