लूप पेडलमधून टिकटिक आणि घूं असा आवाज येतो, पेडल खराब आहे का?

भाऊ, तुम्ही लिहिलंय की वरुडकडच्या खेड्यात घरीच गिटार वाजवता, नवीन लूप पेडल (पायाने दाबून वाजवलेलं रेकॉर्ड करते आणि तेच पुन्हा पुन्हा वाजवते ते, म्हणजे लूपर) घेतलं, त्यातून सारखी टिकटिक येते, खालून घूं असा आवाज, दोन-तीन लेयर चढवले की अजून वाढतो, आणि दुकानदार म्हणते पेडल पाठवून द्या. थांबा, इतक्यात पाठवू नका. मी दारव्ह्याकडचा, माझ्यासोबत हेच झालं होतं. मी पाठवलं, पंधरा दिवसांनी "पेडल ओके आहे" म्हणून परत आलं, घरी लावलं आणि टिकटिक पुन्हा सुरू.

पहिले एक समजून घ्या. साध्या अँपमधला आवाज येतो आणि जातो, लूपरमधला आवाज रेकॉर्ड होऊन बसते. तुम्ही दुसरा लेयर चढवता तेव्हा गिटारसोबत तो खरखराट पण पुन्हा एकदा चढतो. साधी सस्स अशी हिस असली तर लेयर दुप्पट झाले की ती साधारण 3 डेसिबलने वाढते, म्हणजे आठ लेयरला 9 डेसिबल. घूंचं वेगळं आहे, आपली लाईन 50 हर्ट्झची, लूपची लांबी त्या लाटेशी कशी बसते त्यावर तो कधी एकदम वाढतो तर कधी कमीही होतो. म्हणून तुम्हाला वाटून राहिलं की पेडल मनमानी करते. ते करत नाही.

आता टिकटिक. पाच-सहा सेकंदांचा लूप रेकॉर्ड करा, मग गिटारची केबल पेडलच्या इनपुटमधून काढून घ्या आणि नुसतं ऐका. (बॅटरीवर असेल तर केबल काढू नका, बरेच पेडल इनपुटचा जॅक काढला की बंदच होतात, त्यापेक्षा गिटारचा व्हॉल्यूम शून्य करा.) टिक प्रत्येक फेरीत त्याच जागी पडते का ते पाहा. त्याच जागी पडत असेल तर ती रेकॉर्ड झालेली आहे, म्हणजे गिटार किंवा केबलमधून आत आली. फेरीत एकदाच, अगदी लूप जिथे जुळतो तिथे पडत असेल तर ती बाहेरची नाहीच, तार वाजत असताना तुम्ही पाय दाबून लाट मधेच कापली, तिथे तार शांत असताना पाय दाबायची प्रॅक्टिस करा, आवाज बराच कमी होईल. आणि टिक दर फेरीत थोडी थोडी सरकत असेल तर ती आत्ता, या घडीला बाहेरून येऊन राहिली, पॉवरच्या वायरमधून किंवा अँपमधून.

माझी सरकत होती. एका रात्री घड्याळ घेऊन मोजलं तर सव्वा सेकंदाला एक, न चुकता. तेव्हा डोक्यात आलं, झटका मशीन! घरामागे काकाचं चण्याचं वावर, रानडुकरं आणि रोही (नीलगाय) येतात म्हणून कुंपणाच्या तारेला सोलरची झटका मशीन लावलेली. काकाले म्हटलं दोन मिनिटं बंद करा, त्यानं बंद केली आणि टिकटिक तिथंच थांबली. चालू केली, पुन्हा आली. ही मशीन साधारण सेकंद-सव्वा सेकंदाला एक मोठ्या व्होल्टेजचा झटका तारेत सोडते, आणि तारेला गवत टेकलं की तिथे ठिणगी पडते, ती ठिणगी रेडिओसारखी सगळीकडे जाते, पॉवरच्या वायरी अन् अँपची लांब केबल तर अँटेनाच. वरून मशीनची अर्थिंगची सळई आमच्या घराच्या अर्थिंगपासून चार हातांवर ठोकलेली. आम्ही गवत कापलं, फुटलेले इन्सुलेटर बदलले, सळई लांब नेली (घराच्या अर्थिंगपासून निदान 10 मीटर ठेवा), आणि टिकटिक जवळपास गेली. तुमच्याकडे संत्र्याच्या बागेभोवती कोणाची मशीन आहे का ते आधी पाहा. आणि कोणी कुंपणाच्या तारेत मशीनऐवजी सरळ घरची लाईन सोडत असेल तर गिटार राहू द्या बाजूला, आधी ते बंद करायला लावा, त्यानं माणसं मरतात, जनावरं मरतात, आणि तो गुन्हा आहे.

टिक नियमित नसेल, मधेच टिडिक-टिडिक-टिडिक करत असेल तर जवळचा साधा बटणवाला मोबाईल दूर ठेवा. आणि रात्री थ्री फेज आली, विहिरीवरचा स्टार्टर पडला की एक फट् येतो, तो मोटरचा आहे, त्याले इलाज म्हणजे त्या वेळेत रेकॉर्ड न करणे.

घूंसाठी सगळ्यात आधी, पेडलमध्ये बॅटरीची सोय असेल तर, अ‍ॅडाप्टर काढा आणि चौकोनी 9 व्होल्टच्या बॅटरीवर पेडल चालवा. घूं गेला तर दोष पॉवरमध्ये. बरेच लूप पेडल 9 व्होल्टचे, मधला पिन निगेटिव्ह असलेले असतात, पण तुमच्या पेडलवर काय छापलंय तेच खरं धरा, किती मिलीअँपिअर लागतात ते पण पाहा, घरात पडलेला राऊटरचा अ‍ॅडाप्टर लावू नका. एकाच अ‍ॅडाप्टरवरून वायरी फोडून डिस्टॉर्शनचं (आवाज खरखरीत करायचं) पेडल आणि लूपर दोन्ही चालवत असाल तर बारीक ची असा आवाज येतो, तो डिजिटल सर्किटचा, लूपरला वेगळा अ‍ॅडाप्टर दिला की जातो.

बॅटरीवरही घूं राहिला तर अँप आणि बाकी सगळं एकाच बोर्डातून चालवा. एक वस्तू ओसरीच्या बोर्डात, दुसरी आतल्या खोलीत असं असलं की अर्थिंगचं वेटोळं तयार होते आणि तेच घूं करते. कोणी सांगेल की प्लगची जाडी पिन कापून टाका, घूं जातो. जातोही, पण ती पिन तुमचा जीव वाचवायला आहे, कापू नका. उलट आपल्याकडे बऱ्याच घरी बोर्डात तिसरं भोक असते, मागे वायरच नसते, वायरमनकडून ते तपासून घ्या. गिटारच्या तारेला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर तपासल्याशिवाय वाजवूच नका. मंडपात मिक्सरला जोडत असाल तर मधे ट्रान्सफॉर्मरवाला डीआय बॉक्स (गिटारचा सिग्नल मिक्सरला देणारी डबी) घ्या, त्यावर ग्राउंड लिफ्टचं, म्हणजे सिग्नलच्या केबलमधली अर्थिंगची जोड तोडायचं, बटन असते, काम सुरक्षित होते.

केबल पण पाहा. आमच्या मंडपवाल्यानं एकदा स्पीकरच्या वायरला जॅक लावून दिला होता, दिसायला सेम, पण आत शिल्डिंगची जाळी नाही, दिवसभर घूं.

हे सगळं करून, बॅटरीवर, गिटारचा व्हॉल्यूम शून्य करून, पेडलला हेडफोनचं भोक असेल तर हेडफोन नाहीतर दुसरा अँप लावून, दुसऱ्या गावी नेऊन पण रिकामा लूप (काहीच न वाजवता रेकॉर्ड केलेला) आवाज करत असेल, तर मात्र पेडलच गेलं, वॉरंटीत द्या, आणि सोबत हा रिकामा लूप मोबाईलवर रेकॉर्ड करून पाठवा म्हणजे ते "ओके आहे" म्हणून परत करणार नाहीत.