त्रिदली झोप

वाचकांचे प्रश्न

प्रश्न : बाई, सप्रेम नमस्कार. नोकरीतून निवृत्त होऊन मला चार वर्षं झाली. शाळेत विज्ञान म्हटलं की पोटात गोळा यायचा. आता उतारवयात मात्र उत्क्रांतीनं झपाटलं आहे. रोज सकाळी दोन तास इंटरनेटवर वाचतो आणि वहीत उतरवून घेतो. तीन दोनशेपानी वह्या भरल्या. कुठली कुठली वाक्यं, कुठल्या कुठल्या आकृत्या, छापून चिकटवलेली चित्रं, सगळं त्यात आहे. डार्विनच्या वहीतलं, सजीवांची वंशावळ दाखवणाऱ्या झाडाचं ते प्रसिद्ध रेखाटनही आहे.

मुलगी म्हणते, "बाबा, स्कॅन करून इंटरनेटवर टाका, लोकांना उपयोग होईल." जावई म्हणतात, "टाकू नका, कॉपीराइटची नोटीस येईल." त्या रेखाटनाखाली 'सर्व हक्क सुरक्षित' असं लिहिलेलं मीही पाहिलं. डार्विन जाऊन एवढी वर्षं झाली, आता हक्क कोणाचे आणि सुरक्षित कोणासाठी?

नागरिक म्हणून मला पडलेला खरा प्रश्न त्याहून मोठा आहे. सजीव सृष्टी नकलेवर चालते. पेशी विभागण्याआधी डीएनएची नक्कल होते. मूल बोलायला शिकतं तेही नक्कल करूनच. मग नकलेला गुन्हा ठरवणारे कायदे निसर्गाच्या आणि शिकण्याच्याही विरुद्ध नाहीत का? डार्विननंच सांगितलंय की जो सर्वांत बलवान किंवा सर्वांत हुशार तो टिकत नाही, बदलाशी जुळवून घेणारा टिकतो. मग हे कायदे का जुळवून घेत नाहीत? वहीच्या चार पानांच्या झेरॉक्स सोबत जोडल्या आहेत.

— एक उशिरा शिकणारा

उत्तर : तुमच्या झेरॉक्सवर लाल पेन फिरवायचा मोह आवरून लिहिते आहे. तीस वर्षं जीवशास्त्र शिकवलं, ती खोड जात नाही.

आधी एक जुनी गोष्ट. सहामाहीचे पेपर तपासत होते. हृदयाची आकृती, भागांना नावं द्या. एका पेपरात उजवी कर्णिका आणि उजवी जवनिका यांच्यामधल्या झडपेला नाव दिलं होतं, 'त्रिदली झोप'. हसले, अर्धा गुण कापला. सात-आठ पेपर उलटले आणि पुन्हा 'त्रिदली झोप'. आता गठ्ठा पुन्हा पहिल्यापासून चाळला. एका तिसऱ्या मुलानं घाईत 'झप' लिहून राहिलेला 'ड' वर बारीक अक्षरात घुसवला होता. लांबून पाहिलं तर काना-मात्राच वाटावी. म्हणजे मूळ हा, त्यावरून एकानं 'झोप' केली आणि दुसऱ्यानं ती झोप जशीच्या तशी घेतली. कोणी कोणाचं पाहिलं याची वंशावळ तीन पेपरांत माझ्यासमोर उघडी पडली होती.

बाकीच्या पंचवीस जणांनी 'त्रिदली झडप' असंच लिहिलं होतं, शब्दन् शब्द सारखं. त्यांच्यावर माझा संशय गेला नाही, कारण बरोबर उत्तर सारखंच येणार. झडपेची झोप दोघांना स्वतंत्रपणे सुचत नाही.

भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेत महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध झाली ती याच युक्तीच्या फार मोठ्या रूपावर. 1919 ला काम सुरू झालं, 1966 ला पुरं झालं. एक हजारावर हस्तलिखितं ताडून पाहिली. विष्णु सीताराम सुकथनकरांनी या पोथ्यांची घराणी लावली. सारखे प्रमाद, सारखी गळालेली ओळ, सारखा घुसडलेला श्लोक दिसला की त्या पोथ्या एका कुळातल्या. लिहिणाऱ्याच्या डुलक्या संशोधकाच्या कामी आल्या.

तुमच्या-माझ्या शरीरातही अशी एक डुलकी आहे. बहुतेक सस्तन प्राणी क जीवनसत्त्व स्वतःच्या यकृतात बनवतात. आपल्याला ते खाण्यातून घ्यावं लागतं, कारण ते बनवण्याच्या शेवटच्या पायरीवरचा विकर (एन्झाइम) तयार करणारं जनुक आपल्यात आहे, पण मोडलेलं. चिंपांझीतही ते मोडलेलं आहे, गोरिलात आणि ओरांगउटानमध्येही, आणि मोडतोड बरीचशी त्याच जागी. चालू जनुक सारखं असतं तर कोणीही म्हणालं असतं, काम सारखं म्हणून रचना सारखी. पण बंद पडलेली चार यंत्रं एकाच ठिकाणी का तुटावीत? गिनी पिगमध्येही हेच जनुक निकामी आहे, मात्र त्याचे गळालेले भाग वेगळे. तो दुसऱ्या बाकावरचा मुलगा. त्याची चूक त्याची स्वतःची.

आता कायदा. 1991 साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात टेलिफोन डिरेक्टरीचा एक खटला गाजला. रूरल नावाच्या टेलिफोन कंपनीच्या डिरेक्टरीत चार बनावट नोंदी पेरलेल्या होत्या. फाइस्ट या प्रकाशनाच्या डिरेक्टरीतल्या 1309 नोंदी रूरलशी हुबेहूब जुळल्या आणि त्यांत ती चारही भुतं हजर होती. 'त्रिदली झोप' सापडली म्हणा ना! नक्कल झाली याबद्दल वादच उरला नाही. तरीही फाइस्ट जिंकली. न्यायालय म्हणालं, अमक्याचा नंबर तमका ही वस्तुस्थिती आहे आणि वस्तुस्थितीवर कोणाची मालकी नसते. नावं अकारविल्हे लावणं ही काही प्रतिभा नव्हे. घाम किती गाळला यावर हा हक्क मिळत नाही, स्वतःचं काही रचलं असेल तर मिळतो.

म्हणजे 'नकलेला गुन्हा ठरवणारे कायदे' हे तुमचं वर्णन थोडं चुकतं. कायदा मांडणीला कुंपण घालतो, कल्पनेला नाही. 1995 पासून लागू असलेल्या ट्रिप्स या बौद्धिक संपदेच्या आंतरराष्ट्रीय करारातही हेच कलमबद्ध आहे. नैसर्गिक निवडीची कल्पना डार्विनला सुचली तशी आल्फ्रेड वॉलेस या दुसऱ्या निसर्गअभ्यासकालाही सुचली. 1 जुलै 1858 ला लंडनच्या लिनियन सोसायटीत दोघांचं लेखन एकाच बैठकीत वाचलं गेलं. दोन बाकांवर तेच बरोबर उत्तर. कल्पनेवर कॉपीराइट असता तर पुढचा सगळा वेळ वकिलांनी खाल्ला असता.

'निसर्गात नक्कल चालते, म्हणून माणसातही चालावी' हे मात्र मला अजिबात पटत नाही. कोकिळा कावळ्याच्या घरट्यात अंडं घालून मोकळी होते. म्हणून आपण आपली पोरं शेजारी सोडून येत नाही. निसर्ग कसा चालतो ते निसर्गाकडून शिकावं. आपण कसं वागायचं ते आपल्यालाच बसून ठरवावं लागतं.

आणि ठरवताना घोटाळे झालेत, तिथे मी तुमच्या बाजूची आहे. इंग्लंडमधल्या 1710 च्या पहिल्या कॉपीराइट कायद्याचं नावच मुळी 'विद्येच्या उत्तेजनार्थ कायदा' अशा अर्थाचं होतं. नव्या पुस्तकाला हक्क 14 वर्षांचा, लेखक हयात असला तर आणखी 14. आज भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षं, युरोपात 70. मेलेल्या लेखकाला उत्तेजन कसं देतात, हे मला अजून कळलेलं नाही.

इंटरनेटनं तर वाचणं हेच नक्कल करून ठेवलं. छापील पुस्तक तुम्ही शंभरदा वाचा, कायद्याला त्याचा पत्ता नसायचा. तो प्रकाशकाच्या छापखान्यावर डोळा ठेवून होता. पडद्यावर पान उघडायचं तर यंत्राला आधी त्याची प्रत बनवावी लागते, आणि प्रत म्हटली की कायदा आला. मग अशा क्षणभराच्या प्रतींना मुद्दाम सूट द्यावी लागली. युरोपात ती 2001 च्या निर्देशानं मिळाली, भारतात 2012 च्या दुरुस्तीनं. छापखानदारांसाठी शिवलेला अंगरखा वाचकाला घातला तर तो असा जागोजागी उसवणारच.

नोटीस बहुधा माणूस पाठवत नाही, हेही जावयांना सांगा. जुळणी यंत्र करतं, आणि त्याला फक्त सारखेपणा कळतो, उगम कळत नाही. 2012 मध्ये एकाच्या चित्रफितीत पाठीमागे पक्षी ओरडत होते. यंत्रानं तो आवाज एका संगीत कंपनीचा माल ठरवला. पुढे तो दावा मागे घेतला गेला. फुलपाखराचा पंख आणि चिमणीचा पंख एकच समजणाऱ्या मुलाला मी पुन्हा बाकावर उभं केलं असतं. हे यंत्र रोज पास होतं आहे.

आता तुमच्या वह्या. स्वतःच्या अभ्यासासाठी उतरवून घेणं आणि चिकटवणं याला भारतातच नव्हे, बहुतेक देशांच्या कायद्यात मोकळीक आहे. बिनघोर चिकटवा. इंटरनेटवर टाकणं मात्र वेगळी कृती आहे, कारण तिथे तुम्ही प्रकाशक होता. बऱ्याच जणांचा समज असतो की खाली मूळ लेखकाचं नाव दिलं की झालं. नाव देणं हा प्रामाणिकपणा, परवानगी ही निराळी गोष्ट. एक असली म्हणून दुसरी आपोआप मिळत नाही. क्रिएटिव्ह कॉमन्सची खूण असलेल्या चित्रांना परवानगी आधीच दिलेली असते. अटी वाचा, साध्या असतात.

डार्विनच्या झाडाचं म्हणाल, तर ते 1837 चं आणि डार्विन गेला 1882 मध्ये. त्या रेघांवरचा हक्क कधीच संपला. जुन्या चित्राचा जसाच्या तसा फोटो काढला म्हणून नवा हक्क तयार होत नाही, असं अमेरिकेतल्या एका न्यायालयानं 1999 मध्ये म्हटलं, युरोपनं 2019 च्या निर्देशात. ती पाटी पुष्कळदा सवयीनं लावलेली असते. याच वहीची एक गंमत सांगते. केंब्रिज विद्यापीठाच्या ग्रंथालयातून ही आणि आणखी एक वही 2000 साली फोटो काढायला बाहेर आल्या आणि थोड्याच दिवसांत बेपत्ता झाल्या. 2022 च्या मार्चमध्ये कोणीतरी त्या गुलाबी भेटपिशवीत घालून, ग्रंथपालांना ईस्टरच्या शुभेच्छांची चिठ्ठी ठेवून, गुपचूप परत आणून ठेवल्या. मधल्या वीसेक वर्षांत जगानं ते झाड पाहिलं ते नकलांवरच! तरी तुम्ही ते छापून चिकटवू नका. हातानं काढा. मोजक्या रेघा आहेत, वर 'मला वाटतं' एवढे दोन शब्द. काढताना एखादी फांदी अर्ध्यात का तोडली आहे हा प्रश्न तुम्हाला पडेल, आणि उत्तर मिळेल, नामशेष झालेल्या जाती. छापताना तो पडत नाही.

हे मी स्वतः ठेच खाऊन सांगते आहे. नोकरीच्या पहिल्या वर्षी मासा, कासव, कोंबडी आणि माणूस यांच्या भ्रूणांचा तक्ता केला होता. पुस्तकातल्या चित्रावर ट्रेसिंग पेपर ठेवून, पेन्सिलीनं गिरवून, मग शाईनं. ती मूळ चित्रं 1874 च्या सुमाराची, अर्न्स्ट हेकेल या जर्मन जीवशास्त्रज्ञाची. कॉपीराइटच्या दृष्टीनं बिनधोक, म्हणून जो तो वापरायचा. भ्रूणांत साम्य असतंच, पण हेकेलनं ते हात सैल सोडून रंगवलं होतं. 1997 मध्ये मायकल रिचर्डसन आणि सहकाऱ्यांनी खऱ्या भ्रूणांचे फोटो शेजारी ठेवले तेव्हा फरक किती आहे तो उघड दिसला. शंभर वर्षांहून जास्त काळ पुस्तकावरून पुस्तक उतरत गेलं, आणि त्या रांगेत ट्रेसिंग पेपर घेऊन मीही उभी होते. तक्ता अठरा वर्षं वर्गात होता. कायदा मोडला नाही, एका पैशाचाही नाही. मुलांना काय शिकवलं ते विचारू नका.

वह्या प्रसिद्ध करायच्याच असतील तर एक काम करा. दुसऱ्यांची वाक्यं वेगळ्या शाईनं अधोरेखित करा. एकनाथांनी शके 1506 मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली आणि शेवटी बजावून ठेवलं की यात जो आपली ओवी घालील त्यानं अमृताच्या ताटात नरोटी, म्हणजे नारळाची करवंटी, ठेवली असं समजा. तुमच्या चार पानांत ताट कुठलं आणि नरोटी कुठली ते मला कळेना. तिसऱ्या पानावरचा देवमाशाच्या मागच्या पायांच्या हाडांवरचा परिच्छेद तेवढा तुमचाच असणार. त्यात दोनदा खाडाखोड आहे आणि समासात 'म्हणजे काय??' असं लिहिलंय. तो आधी टाका.

ता. क. : बलवान नव्हे, हुशार नव्हे, जुळवून घेणारा टिकतो, हे वाक्य तुमच्या पत्रात आहे आणि पहिल्या पानावर चौकटीतही आहे. ते डार्विनचं नाही, त्याच्या कुठल्याही पुस्तकात ते सापडत नाही. लिऑन मेगिन्सन नावाच्या व्यवस्थापनाच्या एका अमेरिकन प्राध्यापकानं 1963 मध्ये डार्विनचा आशय म्हणून आपल्या शब्दांत जे मांडलं, ते उतरत उतरत डार्विनच्या नावावर चढलं. तुम्ही डार्विन अजून उघडलेला नाही, हे मला त्यावरून कळलं.