पन्नास पौंडांसाठी अडवलेला राजदूत

दूत अवध्य असतो हे विभीषणानं रावणाला सांगितलं, ते ठीक; पण परदेशी राजदूताला अटक करता येत नाही हे कायद्यात लेखी कधी आलं, असं तुम्ही विचारलंय. इंग्लंडपुरतं सांगायचं तर एका रशियन वकिलापायी. (वकील पेशवाईतल्या अर्थानं, म्हणजे राजदूत.)

आंद्रेई मात्वेयेव, जन्म १६६६. वडील झारच्या दरबारातले बडे प्रस्थ. १६८२ मध्ये स्त्रेल्त्सी शिपायांनी बंड केलं आणि क्रेमलिनमध्ये दहा वर्षांच्या पीटरच्या (पुढचा पीटर द ग्रेट) डोळ्यांदेखत या वडिलांना मारून टाकलं. पीटरनं पुढे या मुलावर एवढा भरवसा टाकला त्यामागे ती आठवण असावी, असं मला वाटतं. पूर्वी रशियाचे दूत काम उरकून परत यायचे. मात्वेयेवला १६९९ मध्ये हेगला पाठवलं ते तिथेच राहायला.

१७०७ मध्ये तो लंडनला गेला. स्वीडनशी युद्ध चालू होतं, राणी ॲननं मध्यस्थी करावी ही पीटरची इच्छा. गोड शब्दांपलीकडे काही हाती लागलं नाही. जुलै १७०८ मध्ये राणीचा निरोप घेऊन तो निघायच्या तयारीत होता. पाहुणा आता उधारी बुडवून जाणार, अशी धास्ती धनकोंनी घेतली. पन्नास पौंडांच्या देण्यासाठी बेलिफांनी भर रस्त्यात त्याची बग्गी अडवली. त्याला वाटलं, दरोडेखोरच! झटापट झाली, त्याला ओढून नेलं. शेवटी ओळखीच्यांनी जामीन दिला तेव्हा सुटका.

पीटरनं मागणी केली, शेरीफसकट (बेलिफांचा वरिष्ठ) सगळ्यांना ताबडतोब मृत्युदंड द्या. राणीचं उत्तर मला या प्रकरणातलं सगळ्यात भारी वाटतं: कायद्याचा आधार असल्याशिवाय मी माझ्या अगदी सामान्य प्रजाजनालाही शिक्षा देऊ शकत नाही. हे मॉस्कोला कसं पटणार? खटलाही झाला. आरोपींनी हे केलं हे सिद्ध झालं, पण मुळात हा गुन्हा ठरतो का, याचा निकाल कधी लागलाच नाही.

मग पार्लमेंटनं कायदाच केला. राजदूत किंवा त्याच्या नोकरांविरुद्धची अशी अटक-जप्तीची फर्मानं रद्दबातल, आणि ती काढणारा गुन्हेगार. त्याची सुंदर सजवलेली प्रत झारकडे रवाना झाली. १७१० मध्ये इंग्रज दूत व्हिटवर्थनं मॉस्कोत भर दरबारात माफी मागितली, तीही पीटरला सम्राट म्हणून संबोधून. ही पदवी पीटरनं स्वतः अधिकृतपणे घेतली १७२१ मध्ये! अर्थात अटक आणि माफी यांच्या मधल्या काळात पोल्टाव्हाच्या लढाईत पीटरनं स्वीडनचा धुव्वा उडवला होता. माफीतला गोडवा त्यानंतर वाढला असणार.

मात्वेयेव पुढे व्हिएन्नाला गेला, काउंट झाला, परतल्यावर पीटरच्या न्यायखात्याचा प्रमुख झाला. १७२८ मध्ये वारला. त्याच्यामुळे झालेला कायदा मात्र इंग्लंडात १९६४ पर्यंत चालू होता.