पीएचडीनंतर कन्सल्टिंग? आधी पोह्यांचा हिशेब कर

अरे, कन्सल्टिंगच्या इंटरव्ह्यूत थीसिसवर दोन मिनिटं बोलायचं, बस. पहिल्या इंटरव्ह्यूत मी माझ्या पॉलिमरमध्ये इतका रमलो की समोरच्याने घड्याळ बघितलं आणि केसला, म्हणजे तिथे सोडवायला देतात त्या धंद्याच्या कोड्याला, वेळच उरला नाही.

मॅकिन्झी, बीसीजी, बेन या कंपन्यांना धंद्याचे सल्ले देणाऱ्या मोठ्या फर्म पीएचडीवाल्यांनाही घेतात, तेव्हा एमबीए नाही म्हणून बिचकू नकोस. पण केस कुणाला चुकत नाही. सराव आपल्या इंदूरातच कर. सकाळी छप्पन दुकानवर जीरावन मसाला टाकलेले पोहे खाता खाता विचार कर: शहरात रोज किती प्लेट पोहे विकले जात असतील? समज, 30 लाख लोक, सहातला एक बाहेर खातो, म्हणजे 5 लाख प्लेट. वीस रुपयांनी रोजचा 1 कोटीचा धंदा. आता उलटून बघ: एका दुकानात 500 प्लेट खपत असतील तर 1000 दुकानं हवीत. पटतंय? नसेल तर 'सहातला एक' बदल. आपण संशोधनवाले इथेच अडकतो, खरा आकडा शोधत बसतो. तिथे गृहीत धरायचं, मोठ्याने सांगायचं, पुढे सरकायचं. कॅल्क्युलेटर मिळत नाही, तेव्हा पाढे घोक. लाज कसली!

नुसतं वाचून भागत नाही, कुणासमोर तरी बोलावं लागतं. रविवारी राजवाड्याकडे ये. चहा तुझा, केस माझी.